प्रश्न तुमचे : शाळेच्या गच्चीवरून जाणारे उपग्रह

गेल्या महिन्यात या सदरात मी हॅम रेडिओच्या, म्हणजे लायसन्स घेऊन छंद म्हणून रेडिओवर बोलणाऱ्या 'हॅम' मंडळींच्या, छोट्या उपग्रहांविषयी लिहिलं, आणि त्यांचे आवाज शाळेतली मुलं स्वतः ऐकू शकतात, असंही सांगितलं. त्यावर बरीच पत्रं आली. एकतीस वर्षं वाई परिसरात विज्ञान शिकवलं, त्यातली शेवटची बारा वर्षं गळ्यात अँटेनाची केबल अडकवूनच काढली. त्यामुळे ही पत्रं माझ्या फार जवळच्या विषयाची आहेत. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तर देते.

आमची जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. दोन शिक्षक, सत्तेचाळीस मुलं. गावातून तीन हजार रुपये गोळा होतील. एवढ्यात काही होईल का? - एक शिक्षिका, संगमेश्वर तालुका

बाई, होईल. आणि अँटेना विकत घेऊ नका, मुलांकडून करून घ्या.

हार्डवेअरच्या दुकानातून एक इंच रुंदीच्या पोलादी पट्टीचा मोजायचा टेप आणा, सोबत पीव्हीसीचा पाइप. टेपचे चार तुकडे कापायचे : एक १०५ सेंटिमीटरचा, एक ८९ चा आणि दोन ४५-४५ चे. पाइपवर १०५ चा तुकडा मागे. त्याच्यापुढे २० सेंटिमीटरवर ४५ चे दोन तुकडे एका रेषेत, मध्ये जेमतेम अडीच सेंटिमीटरची फट ठेवून. तिथून ३२ सेंटिमीटरवर ८९ चा. फटीच्या दोन्ही टोकांना जोडणारी, यू आकारात वाकवलेली साधारण साडेबारा सेंटिमीटरची तार लावायची आणि त्याच दोन टोकांना केबल. ऐकण्यापुरती टीव्हीची केबलही चालते. ही रचना हॅम मंडळींनी मुळात लपवलेला ट्रान्समीटर शोधून काढायच्या खेळासाठी केली होती. झुडपात शिरलं तरी पट्टी वाकते आणि परत सरळ होते. मुलांच्या हातात द्यायला म्हणूनच ती उत्तम.

इथे एक गोष्ट नीट करा. टेपवर रंगाचा थर असतो, त्यावर कथील धरत नाही. सॉल्डर करायच्या जागी पॉलिश पेपर घासून चकचकीत पोलाद दिसलं पाहिजे. आमच्या पहिल्या अँटेनात आम्ही हे केलं नव्हतं. वरून जोड पक्का दिसायचा, आणि तीन पास (उपग्रह एकदा आपल्या आकाशातून जातो, तो एक पास) आम्ही नुसती खरखर ऐकली. चौथ्या दिवशी आठवीतल्या एका मुलीने जोड नखाने उचलला, तर तो पापुद्र्यासारखा निघून हातात आला. टेप कापल्यावर कडा ब्लेडसारख्या होतात, त्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळायला विसरू नका.

पैसे जातील ते रिसीव्हरला. यूएसबीला लागणारा आरटीएल-एसडीआर डोंगल साधारण दोन ते चार हजारांत येतो, आणि ओटीजी केबलने तो अँड्रॉइड फोनलाही जोडता येतो. आधी जवळपास कुणी हॅम आहे का ते शोधा. त्यांच्याकडे हातात धरायचा सेट असतोच, आणि शाळेत यायला सांगितलं तर ही माणसं बहुधा आनंदाने येतात.

सुरुवात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापासून करा. फ्रीक्वेन्सी १४५.८०० मेगाहर्ट्झ. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. या क्षितिजावरून त्या क्षितिजावर जायला त्याला फार तर दहा मिनिटं लागतात. अधूनमधून ठरावीक दिवस तिथून चित्रं सोडतात, त्याला एसएसटीव्ही म्हणतात. ते दिवस आधी जाहीर होतात. तेव्हा फोनवर 'रोबोट३६' हे ॲप उघडून स्पीकरजवळ धरायचं. चिरचिर, चुळचुळ असा आवाज येतो आणि पडद्यावर वरून खाली एकेक रेघ उमटत जाते. एका चित्राला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांत मुलं श्वास घेतात की नाही असं वाटतं. एरवी १४५.८२५ वर पॅकेटचे, म्हणजे संगणकी संदेशांचे, भर्र, भर्र आवाज येतात. पहिल्या दिवसाला तेवढेही पुरतात.

आवाज मध्येच बुडाला तर अँटेना धरलेल्या मुलाला मनगट फिरवायला सांगा, म्हणजे आडव्या पट्ट्या उभ्या करायला. बहुतेक वेळा आवाज परत येतो. का येतो, हे त्याला लगेच सांगू नका.

दहावीच्या वर्षात हे सगळं करायला वेळ कुठे आहे? यूट्यूबवर अशा चित्रांचे, आवाजांचे भरपूर व्हिडिओ आहेत. ते प्रोजेक्टरवर दाखवले तर तेच काम होणार नाही का? - एक मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा

सर, नाही होणार. तुमच्या वेळेच्या अडचणीची मला पूर्ण कल्पना आहे, तरीही नाहीच म्हणते.

व्हिडिओ चुकत नाही, पण मुलांनी फळ्यावर लिहिलेली वेळ चुकू शकते, आणि या उपक्रमातला विज्ञानाचा तास तिथेच सुरू होतो. आदल्या दिवशी मुलं कक्षेची माहिती घेऊन लिहितात : उद्या सकाळी ६ वाजून २२ मिनिटांनी वायव्येला उगवेल, ६ वाजून २७ मिनिटांनी सर्वांत उंच, आग्नेयेला मावळेल. मग गच्चीवर उभं राहायचं. आमच्या उत्तरेला मांढरदेवचा डोंगर आहे. त्यामुळे वायव्येकडून येणारा पास कागदावरच्या वेळेपेक्षा उशिरा ऐकू यायचा. मुलांनी चार पासची नोंद ठेवली आणि उशिरावरून डोंगर क्षितिजापासून किती अंश वर येतो ते काढलं. नंतर कोनमापकाला ओळंबा बांधून ताडून पाहिलं. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं.

माझीही एक चूक सांगते, कारण ती इतरांकडूनही होते. एका हॅम मित्राने पासची यादी पाठवली होती, वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, होत्या. मी १२:४० वाचलं आणि चाळीस मुलांना भर उन्हात, दुपारी बारा-चाळीसला गच्चीवर उभं केलं. पाऊण तास काही आलं नाही. आपल्याकडे साडेपाच तास मिळवायचे असतात, म्हणजे स्थानक यायचं होतं संध्याकाळी ६:१० ला. मुलं घरी गेलेली. त्या मुलांचा हिरमोड आजही माझ्या मनातून गेलेला नाही. त्या दिवसापासून आमच्या प्रयोगशाळेत दोन घड्याळं लागली.

अभ्यासक्रमाचं म्हणाल, तर दहावीच्या विज्ञान भाग १ मध्ये पहिला पाठ गुरुत्वाकर्षणाचा आणि दहावा 'अवकाश मोहिमा'. त्यात उपग्रहाचा वेग सूत्राने काढायला शिकवतात. तोच वेग मुलांना कानाने आणि लॅपटॉपने मोजता येतो. उपग्रह जवळ येताना फ्रीक्वेन्सी वर सरकलेली दिसते, लांब जाताना खाली. आमच्या मुलांना वॉटरफॉलवर (लॅपटॉपवर सिग्नलची फ्रीक्वेन्सी दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) सुरुवातीला सिग्नल १४५.८०० च्या वर दिसला, शेवटी खाली. एकूण फरक ६.६ किलोहर्ट्झ. त्याचा अर्धा ३.३. याला १४५८०० किलोहर्ट्झने भागून प्रकाशाच्या वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटरने, गुणलं की ६.८ किलोमीटर येतात. स्वस्त डोंगलची फ्रीक्वेन्सी थोडी चुकलेली असते, पण दोन टोकांतला फरक घेतल्याने ती चूक आपोआप निघून जाते.

पुस्तकातल्या सूत्राने वेग येतो सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर. मग आपलं उत्तर कमी का? वर्गात यावर दोन दिवस वाद झाला. एकाने डोंगलला दोष दिला, एकाने माझ्या घड्याळाला. शेवटी एका मुलाने फळ्यावर पृथ्वीचं वर्तुळ काढलं, त्याच्या वर कक्षेचं, आणि क्षितिजावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत रेघ ओढली. उपग्रह क्षितिजावर असतानाही सरळ आपल्या रोखाने येत नसतो. त्याच्या वेगातला आपल्याकडचा भागच तेवढा आपल्याला मोजता येतो. सर, हे दोन दिवस मी दहावीच्या वर्षातच दिले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

उपग्रह 'मेला' असं आमचे सर म्हणतात. मेल्यावर तो खाली पडतो का? - इयत्ता आठवीतली विद्यार्थिनी, चिपळूण

बाळा, बहुतेक वेळा तो लगेच पडत नाही, फक्त गप्प होतो आणि फिरत राहतो. भारताचा 'हॅमसॅट' ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीवरून गेला. वजन साडेबेचाळीस किलो. नऊ वर्षं जगभरच्या हॅमनी त्याच्यावरून गप्पा मारल्या. त्याच्यावरून पहिल्यांदा एका अनोळखी माणसाचं 'नमस्कार' ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या खिडकीत उभी होते. जुलै २०१४ मध्ये त्याची बॅटरी गेली आणि तो गप्प झाला.

दुसरी गोष्ट ऐक. 'ऑस्कर ७' नावाचा उपग्रह १५ नोव्हेंबर १९७४ रोजी सोडला. १९८१ मध्ये त्याच्या बॅटरीत शॉर्ट झाला आणि सगळा उपग्रह बंद पडला. सगळ्यांनी त्याच्यावर पाणी सोडलं. आणि २००२ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी, तो पुन्हा बोलायला लागला! झालं असं असावं : शॉर्ट झालेली बॅटरी सौर पट्ट्यांची सगळी वीज गिळत होती. काळाने ती आतून तुटली, शॉर्ट सुटला आणि वीज थेट ट्रान्समीटरला मिळाली. आता बॅटरीच नाही, म्हणून ऊन पडलं की तो जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत गेला की झोपतो.

तुझ्या सरांना सांग, दोन सेल, एक एलईडी आणि तारेचा तुकडा घेऊन हा शॉर्ट वर्गात करून दाखवता येतो. तार लावली की दिवा विझतो, काढली की लागतो. तार मात्र क्षणभरच लावायची, ती तापते.

मुलगा तेरा वर्षांचा आहे, त्याला हॅमचं लायसन्स हवंय. एवढ्या लहान वयात मिळतं का? त्यांच्या शाळेला अंतराळवीराशीही बोलता येईल का? - एक पालक, नाशिक

वयाची अट बारा पूर्ण, त्यामुळे मिळतं. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते : थोडं रेडिओचं तंत्र, थोडे नियम. लायसन्सच्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या श्रेणीला, मोर्सची (टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीची) परीक्षा नाही. लायसन्स येईपर्यंत त्याने ऐकावं, सेटचं बटण दाबून बोलू नये. यात सूट नाही, आणि नसावी.

अंतराळवीराशी बोलण्यासाठी 'अॅरिस' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाकडे शाळेने अर्ज करायचा असतो. जुलै २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला स्थानकावर असताना हॅम रेडिओवरूनच ते बेंगळुरूत जमलेल्या विद्यार्थ्यांशी बोलले. वेळ दहाच मिनिटं मिळते, म्हणून मुलं प्रश्न पाठ करून, घड्याळ लावून सराव करतात. पण अर्ज करण्याआधी शाळेने किमान सहा महिने नुसतं ऐकावं, असं माझं मत आहे. ज्याने पन्नास पास ऐकलेत, त्याचा प्रश्न 'तिथे तुम्ही काय जेवता' याच्या पुढचा असतो.

मी दोह्यात नोकरी करतो, शिक्षण लातूरला झालं. माझ्या शाळेला यातलं काही द्यायचं आहे. पण तिथल्या बाई म्हणतात, पास कधी पहाटे, कधी शाळा सुटल्यावर. शाळेच्या वेळेत ऐकू येणारं काही आहे का? - एक वाचक, कतार

आहे, आणि ते तुमच्याच कतारचं आहे. 'एस्हेल-२' हा कतारचा दळणवळण उपग्रह १५ नोव्हेंबर २०१८ ला गेला. त्यावर हॅमसाठी वेगळी जागा ठेवली आहे, तिला 'क्यूओ-१००' म्हणतात. तो भूस्थिर आहे, म्हणजे आकाशात एकाच जागी. सकाळी अकराच्या तासालाही तो तिथेच असतो. ब्राझीलपासून आपल्यापर्यंतची माणसं त्यावर बोलताना ऐकू येतात. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो, तोही मुलांना मोजता येतो.

खाली येणारे संकेत १०४८९.५ मेगाहर्ट्झच्या पुढे, डिश टीव्हीच्या पट्ट्याजवळच असतात. म्हणजे घरावरची डिश टीव्हीची जुनी थाळी, तिच्यावर योग्य एलएनबी (थाळीसमोरच्या दांड्यावरची, संकेत पकडणारी डबी) आणि तोच आरटीएल-एसडीआर डोंगल एवढ्यावर काम होतं. दोह्यात हॅम मंडळी आहेत. त्यांच्याकडून एलएनबी तपासून घेऊन सुट्टीत येताना घेऊन या. पैसे पाठवण्यापेक्षा एक दिवस मुलांबरोबर थाळी फिरवत बसा, असा माझा आग्रह आहे. सिग्नल पहिल्यांदा सापडतो तेव्हा थाळी कुणाच्या हातात होती, हे त्या मुलाला आयुष्यभर आठवतं.

लातूरहून हा उपग्रह पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून जवळजवळ तीस अंशांवर आहे. तुम्ही यायच्या आधीच बाईंना एक काम सांगून ठेवा. मुलांना मैदानात पश्चिमेकडे तोंड करून उभं करायचं, हात सरळ लांब करून क्षितिजावर एक मूठ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी ठेवायची. लांब धरलेली एक मूठ साधारण दहा अंशांची. तिसऱ्या मुठीच्या वरच्या कडेशी चिंचेची फांदी किंवा पाण्याची टाकी आड येत असेल, तर थाळीची जागा आत्ताच बदलायला सांगा.