आधी समुद्रफेन आणा, मग पुस्तक उघडा

भाऊ, जळगावात बसून ऑक्टोपस कुठे बघू, असं विचारलंस. काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन आण. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवतात ना, तेच. ते आडवं मोडून कड भिंगाखाली धर: पापडासारखे पातळ थर, मधे बारीक खांब. हा माकुळाच्या (स्क्विडच्या) जातभाईचा, कटलफिशचा, अंगातला शिंपला. पोकळ कप्प्यांतलं पाणी कमी-जास्त करून तो तरंगतो.

केळीच्या बागेतली गोगलगाय आणि ऑक्टोपस एकाच मृदुकाय संघातले. ऑक्टोपस, माकुळ, कटलफिश यांचा वर्ग शीर्षपाद. पूर्वज शिंपल्यातच राहायचे. माकुळाकडे त्याची पातळ पट्टी उरली, ऑक्टोपसकडे जवळजवळ काहीच नाही.

नवशिके हमखास फसतात ते अमोनाइटला, म्हणजे वेटोळ्या शिंपल्याच्या, आता फक्त जीवाश्मरूपात उरलेल्या शीर्षपादाला. दिसायला थेट नॉटिलस (वेटोळ्या शिंपल्यात राहणारा, आजही जिवंत असलेला शीर्षपाद), पण नातं ऑक्टोपस-माकुळाशी जवळचं! दिसण्यावरून सोयरीक जुळवू नकोस. अमोनाइट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले.

आणि आपल्या काळ्या दगडात ते शोधत फिरू नकोस, तो लाव्हा आहे. (मी दोन उन्हाळे घालवले त्यात.) सातपुडा, नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यात बाघकडे जा, तिथल्या सागरी थरांत अमोनाइट सापडले आहेत. फक्त बघ, उचलू नकोस.