मॅचला बाहेर बसणारा मुलगा

"पोरगं फुटबॉल अकादमीत आहे, पण मॅचला बाहेरच बसतंय. काढून घेऊ का?" कोल्हापुरात हा प्रश्न माझ्याकडे दर हंगामात येतो. इथे तालमींचेच फुटबॉल संघ; वडील एका तालमीचे, मामा दुसरीचे. पोरगं बाहेर बसलं की अख्ख्या पेठेला कळतं.

त्यातलंच एक घर, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. मुलगा तेरा वर्षांचा. गेल्या वर्षी नियमित खेळायचा. यंदा बरोबरीची मुलं सटासट वाढली, हा तेवढाच राहिला. मॅचच्या आदल्या रात्री पोटात दुखायचं आणि डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. वडील म्हणाले, "मॅडम, घाबरतंय ते. धक्का लागला की बॉल सोडतंय. जरा समजावून सांगा की."

मुलाशी एकट्याशी बोलले. त्याने कागदावर मैदान काढून दाखवलं. "पास मला आधीच दिसतो. पण मारेपर्यंत तो मोठा अंगावर येतो." भित्रं पोर एवढं बघत नाही.

जन्म नोव्हेंबरचा. वयोगट 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणजे त्याच गटातला जानेवारीचा मुलगा दहा महिन्यांनी मोठा. त्यात कुणी बाराव्या वर्षी वयात येतं, कुणी पंधराव्या. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2015 च्या सुमारास वय बाजूला ठेवून वाढीनुसार गट पाडले आणि अकादमीतल्या मुलांचे सामने खेळवून पाहिले. मोठेपणी जेवढी उंची अपेक्षित, तिच्या 85 ते 90 टक्के गाठलेली मुलं एकत्र. लहान चणीच्या मुलांना आपला खेळ दाखवता आला. धिप्पाड मुलांना मात्र तिथे ताकद पुरेना, डोकं चालवावं लागलं. मला हे दुसरं जास्त मोलाचं वाटतं. आज ताकदीवर चमकणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे येत नाहीत. येतात ते पोरगं सतरा वर्षांचं झाल्यावर, बाकीची मुलं बरोबरीला आली की.

"तुमची उंची कधी वाढली?" मी वडिलांना विचारलं. उत्तर आईंनी दिलं. "दहावीच्या फोटोत पहिल्या रांगेत बसलेत हे!"

मग हॅरी केनचा विषय निघालाच. आर्सेनल क्लबने त्याला लहानपणीच सोडलं आणि पुढे तो इंग्लंडसाठी सर्वाधिक गोल करणारा ठरला. खरं आहे, पण तसं सोडलेली बाकीची पोरं कुणाला आठवत नाहीत. उशिरा वाढणारा मुलगा खेळाडू होईलच, असं मी कुणाला सांगत नाही. तेराव्या वर्षीचं बाहेर बसणं बघून तो होणार नाही, असंही नाही.

"आमचा का खेळत नाही?" हे विचारणं वडिलांनी सोडलं. सराव सामन्यात खालच्या वयोगटातून खेळवता येईल का, असं कोचना विचारलं. कोच तयार झाले. मुलगा आधी फुगून बसला, मग तिथे त्याचे पास लागू लागले. वडिलांचं काम जास्त अवघड होतं. परतताना गाडीवर मुलाने काढल्याशिवाय मॅचचा विषय काढायचा नाही! ते जमायला बरेच दिवस गेले.

पोटदुखी थांबलीय. मॅचला तो अजून बहुतेक वेळा बाहेरच असतो. अकादमीत राहायचं का, हे हंगाम संपल्यावर त्यालाच विचारायचं ठरलंय. आईंची अट एकच: त्या दिवशी आजोबा घरात नकोत.