डिकीतला गंज आणि ठिपकेवाला रंग, रबर कोटिंगची घाई नको

तुम्ही विचारलंय की 60च्या दशकातल्या अमेरिकन गाडीच्या डिकीत मॅटखाली गंज आलाय, ठिपकेवाल्या मूळ रंगाचे पोपडे सुटतायत, तर सगळ्यावर जाड रबर कोटिंग मारून टाकू का. नका मारू, अगदी कळकळीने सांगतोय. मी एका गाडीला मारलं होतं, वरून छान काळंभोर दिसायचं आणि खाली ओल अडकून पत्रा चाळणीसारखा झाला, बोट घातलं तेव्हा कळलं.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. मागची सीट काढून टॉर्च घेऊन बसा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि दुसऱ्या कुणाला तरी बाहेरून पाइपने हळू पाणी सोडायला सांगा, पावडरीत ओघळ उमटला की जागा सापडली. बहुतेक वेळा मागच्या काचेची खालची कड, टेललाइटचं गॅस्केट नाहीतर डिकीचं रबर, यातलंच काहीतरी निघतं.

मग आवाज कमी व्हावा म्हणून पत्र्यावर चिकटवलेलं जुनं डांबरी शीट खरडून काढा. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) ठेवलं की ते कडक होऊन तुकड्या-तुकड्यांनी उडतं, पण खोलीत हवा खेळती ठेवा आणि हातमोजे घाला. हीट गन वापरायचा मोह होईल पण आधी पेट्रोलची टाकी कुठे आहे ते बघा, जुन्या फोर्ड मस्टँगमध्ये तर टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ असतो, तिथे उष्णता किंवा ठिणगी अजिबात नको. आणि त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं म्हणून कोरडं घासू नका, ओला पॉलिश पेपर आणि चांगला मास्क.

गंज चकचकीत पत्र्यापर्यंत काढा. खड्ड्यांत उरतो त्यासाठी फॉस्फोरिक ॲसिडवालं लिक्विड चालतं, पण डब्यावर लिहिल्याप्रमाणे ते नीट काढून पत्रा पूर्ण सुकवा, कारण ॲसिड राहिलं तर वरचा इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला ओलीपासून वाचवणारा पहिला थर) धरत नाही. आधी इपॉक्सी, त्यावर सांध्यांना सीम सीलर (फटी बुजवणारी पेस्ट), मग रंग, हा क्रम बदलू नका, उघड्या पत्र्यावर सीलर लावलं की त्याच्याखाली गंज परत सुरू.

ठिपकेवाला रंग मात्र परत तोच मारा, डिकी उघडल्यावर गाडीचं वय त्यातूनच कळतं. तो पाण्याचा बेस असलेला असतो म्हणून थेट पत्र्यावर नको. डबा हलक्या हाताने ढवळा, जोरात घुसळलात तर ठिपके फुटून सगळा करडा चिखल होतो, आणि स्प्रे गनच्या हवेचा दाब कमी ठेवा, ठिपके मोठे पडतात. पुठ्ठ्यावर आधी मारून बघा. सुकल्यावर मॅट क्लिअरचा (चमक नसलेल्या पारदर्शक कोटचा) एक हात दिला तर डाग बसत नाहीत.

हो, आणि तळाच्या ड्रेन होलांत (पाणी निघून जायच्या भोकांत) सीलर जाऊ देऊ नका, रबरी बूच नवीन आणा आणि मॅट टाकायची घाई करू नका.