नऊ वर्षांची चिंगी आणि पुन्हा सुरू होणारे ऑफिस

प्रश्न : माझे वय ५६ आहे. नाशिकच्या इंदिरानगर भागात दुसऱ्या मजल्यावर मी राहते आणि अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून माझे काम घरूनच चालत आले. आता मात्र सात आठवड्यांनी सर्वांनी रोज ऑफिसात हजर व्हावे, असा आदेश निघाला आहे. सकाळी साडेआठला घर सोडले तर परतायला संध्याकाळचे सहा वाजतील. पती हयात नाहीत, मुलगा बंगळूरला असतो, आणि निवृत्तीला चार वर्षे असल्याने नोकरी सोडणे मला परवडणारे नाही. माझी चिंगी ही नऊ वर्षांची गावठी कुत्री दिवसभर माझ्या खुर्चीखाली झोपते. निफाडजवळ माझ्या जाऊबाईंचा द्राक्षांचा मळा आहे. ‘मोकळी जागा आहे, आणून सोड,’ असे त्या म्हणतात. शेजारच्या काकू म्हणतात, सोबतीला एक पिल्लू आण. चिंगीला घरात कोंडून ठेवणे हा माझा स्वार्थ होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, मळ्याचा निर्णय आज घेऊ नका. चिंगीला नऊ-साडेनऊ तास तुमची सोबत न मिळणे आणि तेवढा वेळ तिला लघवीला जाता न येणे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि तुमच्या पत्रात ते एकमेकांत मिसळले आहेत. या वयाचे कुत्रे दिवसाचा बराच भाग झोपूनच काढते. तुम्ही हिशेब तपासत असता तेव्हाही ती बहुतेक वेळ झोपलेलीच असते. त्यामुळे सोबतीचा प्रश्न सवयीने पुष्कळसा सुटू शकतो. लघवीचा प्रश्न सवयीने सुटत नाही. निरोगी प्रौढ कुत्रे सहा ते आठ तास लघवी रोखू शकते, परंतु नऊ वर्षांच्या कुत्रीकडून रोज पाच-सहा तासांपेक्षा अधिक अपेक्षा मी ठेवणार नाही.

म्हणून पहिले काम पशुवैद्याकडे जाण्याचे. रक्ताची व लघवीची तपासणी करून घ्या आणि ती अलीकडे जास्त पाणी पिते का, रात्री उठून फिरते का, जिना उतरताना थबकते का, हे त्यांना सांगा. मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा सांधेदुखी आधीच सुरू असेल आणि ते आपल्याला नंतर कळले, तर घरात झालेल्या लघवीचा दोष आपण तिच्या एकटेपणाला देत बसतो आणि उपचाराचे महिने वाया जातात. माझ्या दवाखान्यात हे मी अनेकदा पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटले आहे. तिचे सांधे दुखत असतील तर गुळगुळीत फरशीवर, विशेषतः तिच्या झोपण्याच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, न सरकणाऱ्या चटया अंथरा.

दुसरे काम दुपारचे. तुमच्याकडे घरकामाला मावशी येत असतील तर त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. बहुतेक घरांत त्या सकाळी, म्हणजे आपण घरात असतानाच येतात. त्यांना शक्य असेल तर त्यांची वेळ दुपारी एक-दीडची करून घ्या आणि चिंगीला पंधरा-वीस मिनिटे खाली फिरवण्याचे वेगळे पैसे ठरवून द्या. चिंगी ज्यांना ओळखते अशा व्यक्तीने दारातून आत येणे आणि एखाद्या अनोळखी मुलाने येऊन पट्टा लावणे यांत तिच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. मावशी कुत्र्याला घाबरत असतील तर मात्र आग्रह धरू नका. इमारतीतील एखादे निवृत्त गृहस्थ हे काम आनंदाने करतील. आठवड्यातून एक-दोन दिवस घरून काम करू देण्याची विनंतीही कंपनीला लेखी करून पाहा. निदान पहिले दोन महिने तशी सवलत मिळाली, तरी चिंगीला फार उपयोग होईल.

हातात सात आठवडे आहेत, ते सरावासाठी वापरा. पर्स खांद्याला लावणे, चपला घालणे, स्कूटरची किल्ली उचलणे या खुणांवरून आपण निघालो हे कुत्र्याला कळते आणि त्याची घालमेल तिथूनच सुरू होते. तेव्हा दिवसातून काही वेळा किल्ली उचला आणि पुन्हा खुर्चीत बसा. तिने किल्लीकडे लक्ष देणे सोडले की पाच मिनिटे बाहेर जा, मग पंधरा, मग अर्धा तास, असे करत चार तासांपर्यंत या. घरात मोबाइल चित्रीकरणाला लावून जा, कारण शेजारी जे सांगतात त्यापेक्षा तुम्ही गेल्यानंतरचा पहिला अर्धा तास अधिक खरे सांगतो. ती दाराशी थोडा वेळ बसून मग झोपत असेल तर तेवढी काळजी करण्याचे कारण नाही. परंतु ती सतत रडत असेल, दार ओरबाडत असेल किंवा तिची लाळ गळत असेल तर वेळ वाढवणे थांबवा, मागच्या टप्प्यावर या आणि पशुवैद्यांना ते चित्रीकरण दाखवा. अशा तीव्र भीतीवर औषधे आहेत. मात्र माणसांच्या झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. घरी आल्यावर तिने काही नासधूस केलेली दिसली तरी तिला रागावू नका. तो राग कशाबद्दल आहे हे तिला कळत नाही, तुमच्या परतण्याचीच धास्ती मात्र बसते.

सकाळी निघण्यापूर्वी तिला फिरवाल तेव्हा अंतर मोजू नका, तिला मनसोक्त हुंगू द्या. म्हाताऱ्या होत चाललेल्या कुत्र्याचा थकवा आणि समाधान पायांइतकेच नाकातून येते. निघताना जेवणाचा थोडा भाग, म्हणजे भाकरीचे तुकडे किंवा तिचे नेहमीचे दाणे, जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून ठेवा.

पिल्लू आणू नका. चिंगी माणसाला सोकावलेली आहे, कुत्र्याला नाही. नऊ वर्षांच्या कुत्रीच्या अंगावर दिवसभर उड्या मारणारे पिल्लू आणि त्याला शिस्त लावायला घरात कोणीही नाही, असा तो प्रसंग होईल.

आता मळा. मोकळी जागा म्हणजे सुख, असे आपण माणसे समजतो. निफाड भागात बिबट्याचा वावर आहे, आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला होता. द्राक्षे आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात, आणि बागेवर होणाऱ्या औषधांच्या फवारण्या वेगळ्याच. या धोक्यांपायी तिला तिथे साखळीला बांधावे लागले, तर मोकळ्या जागेचा तिला काय उपयोग? नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरवणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हाही आहे. म्हणून स्वार्थाबद्दल विचारलेत तर माझे उत्तर स्पष्ट आहे : दुपारी कोणी येणार असेल तर चिंगीचे घर तुमच्याकडेच आहे.

सगळे करून पाहिल्यावरही ती सावरली नाही, तर जाऊबाईंचा विचार अवश्य करा, पण तिथे ती रात्री घरात झोपेल आणि दिवसा घरात कोणीतरी असेल या अटीवर. आधी दोन-तीन वेळा स्वतः तिच्यासोबत तिथे मुक्काम करा. आणि तिला ठेवून यायची वेळ आलीच, तर तिचे अंथरूण धुऊ नका. तुमच्या आणि तुमच्या घराच्या वासासकट, आहे तसेच पाठवा.