शेअर कोड मागितला, म्हणजे मुलीवर संशय घेतला असं नाही

पत्र, थोडक्यात: मुलगी जळगावहून कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात इंग्लंडला, लेस्टरला एम.एस्सी.साठी गेली. प्रबंध दिलाय, निकाल नोव्हेंबरच्या मध्यावर. तिथल्या एका कंपनीने डेटा अ‍ॅनालिस्टची कायम नोकरी देऊ केली आहे, 1 डिसेंबरला रुजू व्हायचंय. आता एचआरचा मेल आलाय की काम करण्याचा कायदेशीर हक्क दाखवा, शेअर कोड पाठवा. स्टुडंट व्हिसा जानेवारीत संपतो. आमचे एजंट म्हणतात, मूळ डिग्री आणि शाळा सोडल्याचा दाखला मुंबईहून अटेस्ट करून पाठवावे लागतील, शेअर कोड काढून द्यायचे 12 हजार वेगळे. डिसेंबरात पुतणीचं लग्न आहे, तेव्हा मुलगी येईल आणि कागद हातोहात नेईल असं ठरवलंय. कंपनीला काही शंका आली का? आते काय करानं? – एक पालक, अमळनेर

भाऊसाहेब, नमस्कार.

घरून एकही कागद पाठवायचा नाही आणि बारा हजारही द्यायचे नाहीत. लग्नाला येण्याचं जे ठरलंय ते मात्र आज थांबवा. तुमच्या पत्रात खरा धोका तिथे आहे, पण त्याकडे वळण्याआधी कंपनी नेमकं काय तपासते ते समजून घ्या.

ब्रिटनमध्ये नवा माणूस कामावर घेण्याआधी त्याला तिथे काम करायची मुभा आहे की नाही, हे मालकाने स्वतः पाहायचं असतं. 2006 च्या इमिग्रेशन कायद्यात ही तरतूद आहे. मुभा नसलेला माणूस कामावर सापडला तर पहिल्या वेळी माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड होतो आणि पुन्हा सापडला तर 60,000 पर्यंत. 13 फेब्रुवारी 2024 च्या आधी हेच आकडे 15,000 आणि 20,000 होते. तपासणी नियमाप्रमाणे आणि वेळेत केली असेल तर मालक या दंडातून सुटतो. म्हणून एचआर घाई करते, म्हणून मेलची भाषा कोरडी असते. असाच मेल लेस्टरमध्ये जन्मलेल्या गोऱ्या मुलालाही जातो. तो पासपोर्ट दाखवतो, तुमची मुलगी शेअर कोड, म्हणजे तिच्या व्हिसाची ऑनलाइन नोंद कंपनीला पाहू देणारा कोड देते, एवढाच फरक.

कोडच का, तर व्हिसाची नोंद आता कागदावर राहिलेली नाही. गावातली जी मुलं आधी गेली त्यांच्याकडे एक प्लास्टिकचं कार्ड असायचं. 6 एप्रिल 2022 पासून मालकाला ते हातात घेऊन तपासणी करता येत नाही आणि 31 डिसेंबर 2024 पर्यंत ती कार्डंच मुदतबाह्य झाली. त्यांच्या जागी ई-व्हिसा आला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याकडे मुलीच्या नावाचं एक ऑनलाइन खातं. त्या खात्यात शिरून तिने कोड काढायचा असतो. हे फुकट आहे आणि खातं उघडत असेल तर पाच मिनिटांचं काम आहे.

कोड काढताना तो कशासाठी हवाय असं विचारतात. नोकरीसाठी, घर भाड्याने घेण्यासाठी आणि इतर कामासाठी असे वेगवेगळे पर्याय असतात. नोकरीचा पर्याय निवडला की नऊ अक्षर-अंकांचा कोड येतो आणि त्याचं पहिलं अक्षर डब्ल्यू असतं. घाईत भाड्याचा पर्याय निवडला तर कोड आर पासून सुरू होतो आणि एचआर तो परत पाठवते. मग घरात वाटतं की व्हिसातच काहीतरी गडबड आहे. गडबड काही नसते, फक्त कोड चुकीच्या खिडकीचा असतो. कोड 90 दिवस चालतो, संपला की दुसरा काढायचा.

पुढचं काम कंपनीचं. एचआर सरकारी संकेतस्थळावर मालकांसाठी असलेल्या पानावर जाते आणि कोड व मुलीची जन्मतारीख टाकते. समोर पान उघडतं: मुलीचा फोटो, नाव, कोणत्या तारखेपर्यंत काम करता येईल आणि कोणत्या अटींवर. मग तो फोटो आणि समोरचा चेहरा जुळतो का ते पाहायचं, प्रत्यक्ष किंवा व्हिडिओ कॉलवर. ते पान तारखेसह जपून ठेवायचं, नोकरी असेपर्यंत आणि सुटल्यावर आणखी दोन वर्षं. हे सगळं कामाचा पहिला दिवस उजाडण्याआधी. मुलं इथे एक चूक हमखास करतात. स्वतःच्या खात्यातल्या पानाचा स्क्रीनशॉट काढतात, पीडीएफ करतात आणि मेलला जोडून मोकळी होतात. त्या पीडीएफचा कंपनीला काडीचा उपयोग नाही, कारण पान कंपनीने तिच्या बाजूने उघडून पाहिलं तरच तपासणी धरली जाते. मुलीने पाठवायच्या गोष्टी दोनच, कोड आणि जन्मतारीख.

यात डिग्री कुठेच आली नाही, हे लक्षात आलं असेल. काम करायचा हक्क ही एक तपासणी, आणि शिक्षण, जुनी नोकरी, पोलिसांकडची नोंद पाहणं ही दुसरी. दुसरी कंपनीच्या मर्जीची आणि कामाच्या स्वरूपाची असते. त्यासाठी जळगावच्या विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र मागितलं तर मुलीने स्कॅन केलेली प्रत मेलने पाठवावी. शाळा सोडल्याचा दाखला लेस्टरमध्ये कोणी विचारत नाही. एजंटने दोन्ही गोष्टींची भेळ केली आहे.

आता खातं. आपल्याकडच्या मुलांचं घोडं खरं अडतं ते इथे. व्हिसाचा अर्ज एजंटच्या कॉम्प्युटरवर भरला जातो आणि ईमेल व मोबाइलच्या रकान्यात तो बिनदिक्कत स्वतःचा पत्ता आणि नंबर टाकतो. पुढे मुलगी खात्यात शिरायला गेली की सुरक्षा कोड जातो एजंटच्या फोनवर. मग प्रत्येक वेळी त्याला फोन करा, तो उचलेपर्यंत थांबा, आणि बारा हजारांची मागणीही तिथूनच जन्माला येते. तुमचंही असंच झालंय का, ते आज रात्री मुलीला विचारा. झालं असेल तर तिने सरकारी संकेतस्थळावरून खात्यातला ईमेल आणि फोन स्वतःचा करून घ्यावा. तशी सोय आहे. दिवस लागू शकतात, म्हणून कोड मागायची वेळ येईपर्यंत थांबू नये. त्याच बैठकीत खात्यात पासपोर्टचा नंबर कोणता आहे तेही बघावं. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल तर नवा जोडावा लागतो, आपोआप जोडला जात नाही. नाव मात्र पासपोर्टप्रमाणे असेल तर काळजी नको. पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं आणि ऑफर लेटरमध्ये फक्त नाव-आडनाव. कंपनी कधी विचारते, तर एका ओळीत सांगायचं की ते वडिलांचं नाव आहे.

तिने एचआरला आज कोड दिला तर काय दिसेल? स्टुडंट व्हिसा, जानेवारीची तारीख आणि विद्यार्थ्याच्या अटी. स्टुडंट व्हिसावर कायम स्वरूपाची पूर्णवेळ जागा घेता येत नाही. अपवाद आहे, पण तो ग्रॅज्युएट व्हिसाचा, म्हणजे तिथलं शिक्षण पूर्ण झाल्यावर काम करण्यासाठी मिळणाऱ्या व्हिसाचा, अर्ज केल्यावरचा. तेव्हा 1 डिसेंबर ही तारीख फार कडेला आलेली आहे. निकाल लागतो, मग विद्यापीठ गृहखात्याला कळवतं की हिने अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि तसं कळवल्याचा मेल मुलीला आल्यावरच अर्ज करायचा. निकालाच्या दिवशी उत्साहात अर्ज करणारी मुलं इथेच फसतात, कारण विद्यापीठाची नोंद पोचलेली नसते. नोव्हेंबरच्या मध्यावर निकाल आणि महिनाअखेरीला अर्ज धरला, तर 1 डिसेंबरला हातात नवा व्हिसा नसणार. निर्णय साधारण आठ आठवड्यांत येतो.

म्हणून मुलीने एचआरला आत्ताच सरळ लिहावं: सध्या स्टुडंट व्हिसा आहे, निकालानंतर ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करणार आहे, रुजू व्हायची तारीख पुढे घेता येईल का. तिथल्या एचआरला ही परिस्थिती नवी नाही. कंपनीला थांबायचं नसेल तर अर्ज गेल्यावर मालकांसाठीच्या पडताळणी सेवेतून ती गृहखात्याला थेट विचारू शकते. उत्तर साधारण पाच कामाच्या दिवसांत येतं आणि होकार आला तर तो सहा महिने चालतो. अर्ज जुना व्हिसा संपायच्या आत केलेला असेल तर निर्णय जानेवारीनंतर आला तरी मुलगी बेकायदा ठरत नाही. माझं मत विचाराल तर महिनाभराचा पगार गेला तरी चालेल, पण नवा व्हिसा खात्यात दिसल्यावर नवा कोड काढून रुजू होणं सगळ्यात निर्धास्त.

आणि लग्न. ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज ब्रिटनमध्ये राहूनच करता येतो, आणि अर्ज केल्यावर निर्णय येण्याआधी ती देशाबाहेर पडली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. डिसेंबरात अमळनेरला चार दिवस हळदीला आली की दोन वर्षांचा व्हिसा हातचा जाईल. अर्ज न करता येऊन, परत जाऊन जानेवारीत करू म्हणाल, तर तेही महागात पडेल. 31 डिसेंबर 2026 पर्यंत केलेल्या अर्जावर दोन वर्षं मिळतात आणि 1 जानेवारी 2027 पासूनच्या अर्जांवर पीएच.डी. सोडून बाकीच्यांना 18 महिने. पुतणीची समजूत काढा, व्हिडिओ कॉलवर अक्षता टाकू द्या.

पैशाचं सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. अर्जासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. तो वर्षाला 1,035 पौंड, म्हणजे दोन वर्षांचे 2,070, आणि एकरकमी. अर्जाची फी वेगळी. ती मधूनमधून वाढते, म्हणून भरायच्या आठवड्यात सरकारी पानावर पाहावी. मात्र या वेळी बँकेत 28 दिवस रक्कम दाखवायची नाही, इंग्रजीची परीक्षा नाही, कंपनीची स्पॉन्सरशिप, म्हणजे व्हिसासाठी कंपनीने घ्यायची जबाबदारी, तीही नाही. कपाशीचे पैसे अडकवून किंवा सोसायटीचं कर्ज काढून खात्यात रक्कम उभी करायची गरज नाही. कोणी बँक स्टेटमेंट मागत असेल तर त्याला नियम ठाऊक नाहीत, किंवा चांगले ठाऊक आहेत.

एक विषय मुलीशी मोकळेपणाने बोला, ओरडून नको. शिकत असताना पदवी किंवा त्यावरच्या अभ्यासक्रमाला सत्राच्या काळात आठवड्याला 20 तासच काम करता येतं. आठवडा सोमवार ते रविवार, आणि दोन ठिकाणी काम असेल तर दोन्हींचे मिळून 20. एम.एस्सी.च्या मुलांना वाटतं उन्हाळा म्हणजे सुटी, पण प्रबंधाचे ते महिने बहुतेक विद्यापीठं सत्रातच मोजतात. सायकलवरून जेवण पोचवण्याचं अ‍ॅपवरचं काम स्वयंरोजगारात मोडतं, ते विद्यार्थ्याला चालतच नाही, आणि दुसऱ्याच्या नावाचं खातं भाड्याने घेऊन करणं तर त्याहून वाईट. पगाराची नोंद कर खात्यात जाते, तेव्हा कोणाला कळणार नाही असं धरून चालू नये. यात काही चूक झाली असेल तर अर्ज भरण्याआधी तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन सांगावं. तिथला सल्ला फुकट असतो. बाहेरच्या सल्लागाराकडे जायची वेळ आलीच, तर तो वकील आहे की ब्रिटनच्या इमिग्रेशन सल्ला प्राधिकरणाकडे नोंदलेला आहे, ते आधी तपासावं.

नॅशनल इन्शुरन्स नंबर आहे म्हणजे हक्क सिद्ध झाला, असंही काही मुलं समजतात. तो कर आणि विम्याचा नंबर आहे, कामाच्या मुभेचा पुरावा नाही. उलट तो यायचा असला तरी मुभा असेल तर काम सुरू करता येतं.

व्हिसा मुदतीचा असल्यामुळे मुदत संपायच्या आत कंपनी पुन्हा तपासणी करेल. त्या वेळी पुढचा व्हिसा लागेल आणि तो बहुधा कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर. या कंपनीकडे तसा परवाना आहे का, हे सरकारच्या जाहीर यादीत नाव शोधून आजच कळतं. परवाना नसला तर नोकरी नाकारा असं मी म्हणणार नाही, पण मुलीला ते पहिल्या दिवशी माहीत असावं.

तुमच्याकडचं काम तेवढं एक. व्हिसाच्या वेळची फाइल काढा आणि अर्जाच्या छापील प्रतीवर ईमेल कोणाचा आहे ते पाहा. तिथेच विद्यापीठाने प्रवेश नक्की करताना दिलेला सीएएस क्रमांक असेल, तो ग्रॅज्युएट व्हिसाच्या अर्जात विचारतात. दोन्हींचा फोटो काढून मुलीला पाठवा. एजंटला कोड किंवा पासवर्ड देऊ नका. कोड आणि जन्मतारीख ज्याच्या हाती, त्याला तिचा फोटो, नाव आणि कामाच्या मुभेची नोंद दिसते.