रात्री सव्वादोनचा अलार्म कोणाला जातो?

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. रीफर, म्हणजे माल गार ठेवणाऱ्या कंटेनरवर लक्ष ठेवणाऱ्या टीममध्ये तुला नोकरी लागली, हे वाचून फार बरं वाटलं. कोणती सिस्टीम आधी शिकू, असं तू विचारलं आहेस. मी न्हावा शेवा बंदराच्या आसपास पंचवीस वर्षं मालामागे धावलो, त्यातली बरीचशी द्राक्षांमागे. म्हणून उत्तरही द्राक्षांपासूनच देतो.

एका फेब्रुवारीत पिंपळगावच्या पॅकहाउसमधून संध्याकाळी एक चाळीस फुटी रीफर निघाला. द्राक्षं प्रीकूलिंगमधून, म्हणजे आधी गार करून, नुकतीच काढलेली, सेट पॉइंट (मशीनने राखायचं तापमान) शून्य अंश. कसारा घाट उतरून ट्रेलर शहापूरच्या पुढे एका ढाब्यावर थांबला. ड्रायव्हर जेवून केबिनमध्ये झोपला आणि मागे रीफरला वीज देणारा जेनसेट (डिझेल जनरेटर) बंद पडला. डिझेल भरपूर होतं, फिल्टर तुंबला होता. रीफरची माहिती पाठवणाऱ्या मॉडेमला स्वतःची बॅटरी असते, त्यामुळे त्याने आपलं काम चोख केलं. सव्वादोनला ‘वीज गेली’ असा संदेश पाठवला, मग दर तासाला तापमान. हे सगळं एका ऑफिसच्या ई-मेलमध्ये जाऊन पडलं. ऑफिस उघडलं साडेनऊला. तोवर रिटर्न एअर, म्हणजे मालाकडून मशीनकडे परतणारी हवा, सात अंशांवर गेली होती.

रीफर हा काही फ्रिज नव्हे, हे तुला कोणी सांगितलं नसेल तर आत्ताच लक्षात घे. आधीच गार केलेला माल गार ठेवणं एवढंच त्याचं काम. तापलेला माल पुन्हा शून्यावर आणायला त्याला दिवस लागतात आणि द्राक्षांकडे तेवढे दिवस नसतात. पेट्या रॉटरडॅमला उघडल्या तेव्हा देठ तपकिरी पडले होते, मणी गळत होते. शेतकऱ्याला मी सगळं खरं सांगितलं. त्याने एकच विचारलं, “म्हणजे मशीनला कळलं होतं ना?”

तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. तू कुठलीही सिस्टीम शिक, पण प्रत्येक संदेशापुढे एक माणूस लिही: हा कोणाला जाणार, तो त्या वेळी जागा असेल का, आणि त्याच्या हातात काही करण्यासारखं असेल का? त्या रात्री ड्रायव्हरच्या मोबाइलची घंटा वाजली असती तर त्याने अर्ध्या तासात फिल्टर साफ केला असता.

पुढच्या हंगामात आम्ही घंटा थेट ड्रायव्हरच्या आणि पॅकहाउसच्या फोनवर आणली, आणि दुसरी चूक केली. रीफरच्या गार करणाऱ्या कॉइलवर बर्फ साचतं, ते वितळवायला मशीन अधूनमधून डिफ्रॉस्टला जातं आणि तेवढ्यापुरतं तापमान चढलेलं दिसतं. आमच्या नियमात त्याला वगळलेलंच नव्हतं. रात्रभर फोन वाजायचे. चौथ्या रात्री एका ड्रायव्हरने फोन सायलेंटवर टाकला आणि मी त्याला एका शब्दाने बोलू शकलो नाही. तापमान किती चढलं यापेक्षा किती वेळ चढलेलं राहिलं ते बघ. सप्लाय एअर (मशीनने मालाकडे सोडलेली हवा) आणि रिटर्न एअर दोन्ही शेजारी ठेवून बघ. डिफ्रॉस्टची नोंद मशीन स्वतःच देतं, ती वाच.

आता माहिती वाटून घेण्याबद्दल. अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट नोंदींमुळे पेटीवरून थेट बाग शोधता येते. युरोपला ते हवं होतं म्हणून झालं आणि चांगलं झालं. पण ज्याच्या बागेची एवढी नोंद ठेवली, त्यालाच वाटेतलं तापमान दाखवायचं कोणाच्या मनात आलं नाही. माहिती वर वर जात राहते, खाली येत नाही. ड्रायव्हरला लोकेशन मागतेस ना? मग त्याला त्याच फोनवर सांग, की पार्किंगमध्ये किती गाड्या आहेत, त्याचा फॉर्म 13 (कंटेनर बंदरात न्यायचा कागद) निघाला का, कट-ऑफ (जहाजासाठी कंटेनर घेण्याची शेवटची वेळ) पुढे गेला का. आमच्याकडे हे सुरू झालं आणि ड्रायव्हर आपणहून लोकेशन चालू ठेवायला लागले.

मोठ्या कंपन्यांचंही असंच असतं. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएमने 2018 मध्ये मालवाहतुकीची माहिती वाटून घ्यायला ट्रेडलेन्स नावाचं व्यासपीठ आणलं, नोव्हेंबर 2022 मध्ये ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. सगळ्या उद्योगाचं हवं तेवढं सहकार्य मिळालं नाही, असं त्यांनीच सांगितलं. तंत्रात खोट नव्हती. पण स्पर्धकाच्या घरात आपला हिशेब ठेवायला कोण तयार होईल? आपल्याकडचं लॉजिस्टिक्स डेटा बँकेचं, म्हणजे कंटेनर कुठे आहे ते दाखवणाऱ्या यंत्रणेचं काम मला म्हणूनच आवडतं. 2016 पासून, सुरुवात न्हावा शेव्यातूनच: कंटेनरला आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी खूण), टोलनाक्यावर आणि सीएफएसमध्ये (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) रीडर, आणि कंटेनर नंबर टाकला की कोणालाही दिसतं. तापमान त्यातून कळत नाही, टॅग रीडरपुढून गेला तेवढंच कळतं. पण तेवढं सगळ्यांना सारखं कळतं, याची किंमत मोठी आहे.

एक अगदी बारीक गोष्ट सांगतो, पहिल्या महिन्यातच तुला अडेल. मॉडेम वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहितो, टर्मिनल (बंदरातला कंटेनर चढवण्या-उतरवण्याचा तळ) आपल्या भारतीय घड्याळाने. फरक साडेपाच तासांचा. एकदा आमच्या तक्त्यात कंटेनर गेटवर येण्याआधीच जहाजावर चढला होता, आणि दोन दिवस आम्ही सेन्सरलाच दोष देत होतो. शब्दांचंही तसंच. ‘पोहोचला’ म्हणजे पार्किंगमध्ये, गेटवर की यार्डात? जहाज ‘आलं’ म्हणजे जहाजाला बंदरात आणणारा पायलट चढला तेव्हा की धक्क्याला लागलं तेव्हा? देवाणघेवाण सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवून हे कागदावर उतरवून घे.

जहाजाच्या वेळेत तर फार पैसा आणि फार धूर अडकलेला आहे. इंजिनाला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे वेग दहा टक्के कमी केला तर ताकद सुमारे सत्तावीस टक्के कमी लागते. तरी धक्का रिकामा नाही हे वेळेवर न कळल्यामुळे जहाजं घाईने येतात आणि नांगर टाकून बसतात. बंदराने सहा तास आधी खरं सांगितलं असतं तर ते तेल जळलंच नसतं.

आणि कागद टाकून देऊ नकोस. जून 2017 मध्ये नॉटपेट्या व्हायरसने मर्स्कची यंत्रणा जगभर बसली, तेव्हा न्हावा शेव्यातलं त्यांच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. कोणता रीफर विजेच्या कुठल्या प्लगवर आणि किती अंशांवर, याची एक छापील यादी दर पाळीला यार्डात असू दे.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात रीफर यार्डात एक रात्रपाळी कर. पंख्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं, आणि मग संदेश किती छोटा हवा तेही कळतं. प्लगवाल्या पोरांना त्यांचं काम विचार, ते हौसेने सांगतात. फेब्रुवारीत मी पिंपळगावला जाणार आहे, त्याच शेतकऱ्याकडे. त्याने यंदाही माल आमच्याकडेच द्यायचं ठरवलंय. सुट्टी मिळाली तर चल माझ्याबरोबर, येताना ट्रेलरनेच येऊ. जाड स्वेटर घे.

तुझा,
काका