‘जलशीर्ष’ आणि ‘मेंदूत पाणी होणे’

प्रश्न असा आहे की, हायड्रोसेफॅलस या, डोक्यात द्रव साठण्याच्या, विकाराविषयी मराठीत लिहिताना ‘जलशीर्ष’ म्हणावे, ‘जलमस्तिष्क’ म्हणावे, की बोलण्यात येते तसे ‘मेंदूत पाणी झाले’ असेच लिहावे.

विकाराचे नाव म्हणून मी ‘जलशीर्ष’ पसंत करतो. मूळ ग्रीक नावात पाणी आणि डोके हेच दोन शब्द आहेत, आणि ‘जलोदर’ आपल्या ओळखीचा असल्यामुळे हा समासही परका वाटत नाही. तान्ह्या बाळाच्या कवटीचे सांधे जुळून आलेले नसतात, त्यामुळे आतील द्रव वाढला की डोकेच मोठे होते; नाव त्या दृश्यावरून पडले. प्रौढांची कवटी मात्र ताणली जात नाही. सालोमोन हाकीम आणि रेमंड अ‍ॅडम्स या डॉक्टरांनी 1965 मध्ये वर्णन केलेल्या प्रकारात तर द्रवाचा दाबही मोजमापात सामान्य येतो, पण चाल अडखळते, लघवीवरचा ताबा सुटतो आणि स्मरणशक्ती मंदावते. वार्धक्य समजून सोडून दिलेल्या अशा काही रुग्णांना उपचाराने चांगला गुण येतो, म्हणून डोके मोठे दिसले तरच जलशीर्ष, असा समज लिखाणातून पसरता कामा नये. ‘जलमस्तिष्क’ने काही साधत नाही, कारण हा द्रव मुख्यतः मेंदूच्या आतील पोकळ्यांत, म्हणजे विवरांत, साठतो, मेंदूच्या ऊतीत पाणी धरणे ही सूज होय, आणि ती वेगळी.

‘पाणी होणे’ हा प्रयोग अस्सल मराठी आहे. गुडघ्यात पाणी होते, फुप्फुसात पाणी होते. येथे मात्र ‘होणे’ या क्रियापदाने नसलेले काही नव्याने उद्भवल्याचा भास होतो. वस्तुतः मस्तिष्कमेरुद्रव, म्हणजे मेंदूत आणि मेरुरज्जूभोवती खेळणारा हाच द्रव, प्रत्येकाच्या डोक्यात असतोच. प्रौढ माणसात तो एका वेळी सुमारे 150 मिलिलिटर असतो, पण दिवसाकाठी सुमारे 500 मिलिलिटर तयार होतो, म्हणजे जुना द्रव सतत रक्तात शोषला जाऊन त्याची जागा नवा घेत राहतो. वॉल्टर डँडी आणि केनेथ ब्लॅकफॅन या डॉक्टरांनी 1913-14 च्या सुमारास अमेरिकेत बाल्टिमोर येथे कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की, विवरांना जोडणारी अरुंद वाट बंद केली की वरची विवरे फुगतात. बहुतेक रुग्णांत बिघाड असतो तो असा वाहण्यात किंवा शोषणात. निर्मितीच जास्त होणे हे कारण विरळा आढळते.

म्हणून समजावून सांगताना ‘मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचणे’ असे लिहावे, असे मला आग्रहाने वाटते. ‘साचणे’ म्हटले की निचरा अडल्याचे आपोआप कळते, आणि रुग्णाचे पिण्याचे पाणी कमी केल्याने हा साठा उतरणार नाही, हेही नातेवाइकांना पटवणे सोपे जाते. साचलेला द्रव पोटाच्या पोकळीत वळवणाऱ्या झडपेच्या नळीला ‘शंट’च म्हणावे, रुग्णालयात कानावर पडणारा शब्द तोच आहे आणि नळी तुंबल्यास नातेवाइकांना तोच वापरून तातडीने सांगावे लागते.